हरभऱ्याला 'कुठलंही' रायझोबियम चालत नाही

हरभऱ्याच्या पेरणीच्या तोंडावर एक मेसेज फिरतोय: "रायझोबियमचं कुठलंही पाकीट घ्या, बुरशीनाशकात कालवून बियाण्याला चोळा, मग खत लागत नाही. मुळांवर गाठी दिसल्या की काम झालं." यातलं एकही वाक्य पाळण्यासारखं नाही. रायझोबियम म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र (नायट्रोजन) पिकाला देणारे जिवाणू.

कुठलंही पाकीट: या जिवाणूंचे प्रकार पिकानुसार वेगळे असतात. हरभऱ्याच्या मुळावर गाठी धरतो तो मेसोरायझोबियम. सोयाबीनचा ब्रॅडीरायझोबियम इथे उपयोगाचा नाही, त्यामुळे खरिपात उरलेलं पाकीट हरभऱ्याला लावू नका. पाकिटावर पिकाचं नाव आणि अंतिम तारीख, दोन्ही वाचा.

बुरशीनाशकात कालवणं: सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. हे जिवाणू जिवंत असतात, औषधाच्या दाट द्रावणात त्यातले बरेच मरतात. बुरशीनाशक आधी लावा आणि बी सावलीत पूर्ण वाळू द्या. रायझोबियम पेरणीच्या तासभर आधी. लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळा आणि पूर्ण थंड होऊ द्या. कोमट द्रावणही नको. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट. द्रावण बी ओलसर होण्यापुरतंच घ्या, जास्त झालं की बी फुगतं, साल सुटते. हलक्या हाताने चोळा, गोणपाटावर सावलीत पसरा, त्याच दिवशी पेरा. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) वापरणार असाल तर तो रायझोबियमसोबत चालतो; मग रासायनिक बुरशीनाशक टाळा.

खत लागत नाही: गाठी कामाला लागायला तीन-चार आठवडे जातात. तोवर रोपाला थोडं नत्र हवंच, आणि गाठींना ऊर्जेसाठी स्फुरद (फॉस्फरस). म्हणून हेक्टरी २५ किलो नत्र, ५० किलो स्फुरद पेरणीसोबत द्या. वरून युरियाचा हप्ता मात्र नको. जमिनीत नत्र भरपूर मिळालं की झाड गाठी पोसतच नाही.

गाठी दिसल्या की झालं: जमिनीत आधीपासून असलेले कमकुवत जिवाणूही गाठी करतात. पस्तिसाव्या दिवसाच्या सुमारास चार-पाच ठिकाणची झाडं खुरप्याने मातीसकट काढा. काळ्या रानात झाड उपटलं तर गाठी मातीतच तुटून राहतात आणि मूळ रिकामं वाटतं. मुळं पाण्यात धुवून गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर ती नत्र बांधतेय. पांढरी असेल तर निकामी किंवा अजून कोवळी, हिरवट असेल तर संपलेली. बहुतेक गाठी पांढऱ्याच निघाल्या तर वाफ्यात पाणी तुंबतंय का ते आधी बघा. हवा मिळाली नाही तर गाठी चालत नाहीत.