‘परदेशात एकही कुत्रा रस्त्यावर दिसत नाही’

भटक्या कुत्र्यांचा वाद साताऱ्याला नवा नाही. मात्र २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व परिसरातील सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला, अकराच दिवसांत तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलून नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडावीत, रेबीज झालेली वा अंगावर येणारी मात्र सोडू नयेत, असे ठरवले, आणि नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके येथील कुत्री हलवून ती पुन्हा तेथे सोडू नयेत, असा आणखी एक आदेश आला. तेव्हापासून या वादाला चांगलीच धार चढली आहे. आमच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप गटातही दोन तट पडले. पहाटे अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाणाऱ्या काही जणी कुत्र्यांसाठी पोळ्या नेतात. काही जणींनी त्याच कुत्र्यांच्या भीतीने गडावर जाणे सोडले आहे. अशा चर्चेत कोणीतरी हमखास एक वाक्य टाकते : ‘परदेशात बघा, एकही कुत्रा रस्त्यावर दिसत नाही.’ त्यानंतर सगळ्या जणी माझ्या उत्तराची वाट पाहतात, कारण मी अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये राहते आणि माझ्या घरी खंड्या नावाचा कुत्रा आहे.

मी राहते तेथपुरते ते वाक्य बहुतांशी खरे आहे. पण त्यामागे जे उभे आहे ते पाहिल्याशिवाय त्याचा दाखला देऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

फिनिक्स हे सोनोरन वाळवंटात वसलेले शहर आहे आणि त्याच्या वस्तीच्या मधोमध उघडे, खडकाळ डोंगर आहेत. शहराने ते विकत घेऊन मोकळे राखले. दक्षिणेकडचे साउथ माउंटन पार्क तर सोळा हजार एकरांहून मोठे आहे. या डोंगरांतून पायवाटा काढल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर कुत्रा नेता येतो. मात्र तो सहा फुटांपेक्षा लांब नसलेल्या दोरीने बांधलेला असला पाहिजे, त्याची विष्ठा उचलून परत न्यायची आणि वाट सोडून त्याला झुडपांत शिरू द्यायचे नाही. कॅमलबॅक आणि पिएस्टेवा या दोन प्रसिद्ध शिखरांच्या चढणीवर कुत्र्यांना मुळीच परवानगी नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत विचार करायला लावणारा नियम उन्हाचा आहे. तापमान १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सिअस झाले, की शहराच्या पायवाटांवर कुत्रा नेणे हा गुन्हा ठरतो. त्यासाठी दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे. डोंगरावर उष्माघाताने कुत्री दगावू लागली म्हणून २०१६ मध्ये हा नियम झाला. माणसांसाठी तीच शिखरे अतिउष्णतेच्या दिवशी भरदुपारी बंद ठेवण्याची पद्धत त्यानंतर पाच वर्षांनी, २०२१ मध्ये सुरू झाली. कुत्र्याचा नियम आधी आणि माणसाचा नंतर, हा क्रम बाहेरून पाहणाऱ्याला उलटा वाटेल, परंतु त्यात मोठा न्याय आहे. दमलेला माणूस थांबतो, मागे फिरतो किंवा फोन करून मदत मागतो. कुत्रा धन्याच्या मागे कोसळेपर्यंत चालत राहतो. त्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो शरीर थंड करतो आणि हवाच तापलेली असली की धापाही निरुपयोगी ठरतात. जो ‘नको’ म्हणू शकत नाही, त्याच्या वतीने शहर ‘नको’ म्हणते.

हा नियम किती काळ लागू राहतो, याची कल्पना साताऱ्यात बसून येणार नाही. २०२३ मध्ये येथे सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर, म्हणजे ४३ अंश सेल्सिअसच्याही पुढे गेला. २०२४ मध्ये १०० अंश किंवा त्याहून अधिक तापमानाचे सलग ११३ दिवस नोंदले गेले. जुलैतल्या कित्येक दिवशी सकाळीच ती मर्यादा ओलांडली जाते. त्यामुळे पाचला फाटक उघडते तेव्हा दोरी, पाण्याच्या बाटल्या आणि घडीचे भांडे घेऊन माणसे हजर असतात. वाटेवर पाऊल ठेवण्यापूर्वी मी हाताचा पालथा पंजा खडकावर टेकवून मनात सातपर्यंत मोजते. तेवढा वेळ हात टेकवणे सोसवले नाही, तर खंड्याच्या पावलांनाही ते सोसणार नाही. उतरणीला त्याची जीभ लांब, पसरट आणि गडद लाल दिसू लागली, की तेथेच सावली शोधून बसायचे. माथा पाहण्याची हौस त्या दिवशी राहिली तर राहिली.

पायाखाली इतर संकटेही आहेत. चोया नावाच्या निवडुंगाचे काटेरी गोळे नुसत्या स्पर्शाने तुटून अंगाला चिकटतात आणि काट्यांना सूक्ष्म आकडे असल्यामुळे ओढले तर अधिकच रुततात. कुत्रा ते तोंडाने काढायला जातो आणि मग जिभेत काटे. म्हणून येथे प्रत्येकाच्या पिशवीत जाड दातांची एक फणी असते. एकाने कुत्र्याला घट्ट धरायचे, दुसऱ्याने फणी गोळ्याखाली सरकवून झटक्यात तो दूर उडवायचा, मग उरलेले काटे चिमट्याने एकेक करून काढायचे. खंड्या त्या वेळी कण्हतो, पण पाय ओढत नाही. रॅटलस्नेक हा विषारी साप झुडपाच्या बुडाशी बसलेला असतो, म्हणून नाक कोठे खुपसले जाते यावर सतत लक्ष ठेवावे लागते. मातीतल्या बुरशीने होणारा व्हॅली फीवर येथील कुत्र्यांना आणि माणसांनाही होतो आणि त्याचे औषध महिनोन्‌महिने चालते. हे सारे सांगते ते वाळवंटाची भीती घालण्यासाठी नव्हे. या वाटेवर कुत्र्याला जे जे होईल, आणि कुत्र्याकडून दुसऱ्या कोणाला जे जे होईल, त्याची जबाबदारी दोरी धरणाऱ्या एकाच माणसावर असते, हे मला सांगायचे आहे. तीन महिन्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याला येथे रेबीजची लस आणि परवाना सक्तीचा आहे. पट्ट्याला परवान्याचा बिल्ला असतो आणि त्यावरून मालक शोधता येतो.

येथवरचा भाग गटातल्या मैत्रिणींना आवडतो. पुढचा भाग सांगितला की गप्प होतात.

ज्या कुत्र्याच्या दोरीला दुसरे टोक नाही, त्याचे येथे काय होते? तो निवाऱ्यात जातो. काही दिवस मालकाची वाट पाहिली जाते, मग दत्तक घेणाऱ्याची. निवारे भरलेले असतात. अमेरिकेत दरवर्षी काही लाख कुत्री अशा निवाऱ्यांत इंजेक्शन देऊन संपवली जातात. काही दुर्धर आजारी असतात, काही हिंस्र असतात, आणि कित्येकांचा दोष एवढाच असतो की त्यांना कोणी नेले नाही आणि पिंजरा दुसऱ्यासाठी हवा आहे. माझा खंड्या असल्याच निवाऱ्यातला. त्याच्या शेजारच्या पिंजऱ्यात एक वयस्क कुत्री होती, तिच्या दारावरच्या कार्डावर ‘शांत, मुलांत राहू शकते’ असे लिहिले होते आणि दाखल झाल्याची तारीख बरीच जुनी होती. तिचे पुढे काय झाले ते विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. रिकामा, निर्धास्त रस्ता दिसतो तो परवाना आणि लस यांच्या बळावर, हे जितके खरे, तितकेच तो या इंजेक्शनच्याही बळावर दिसतो, हेही खरे. ‘परदेशात बघा’ म्हणणाऱ्याने दोन्ही पाहावे.

आपल्याकडे दोरीला टोक नसलेला कुत्रा हा अख्ख्या आळीचा असतो. ही व्यवस्था मला क्षुद्र वाटत नाही. साताऱ्याजवळच्या संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला, अशी आख्यायिका लहानपणी आम्हाला ऐकवली जाई आणि आमच्या घरातल्या खंड्याला ते नाव त्यावरूनच मिळाले. दत्ताच्या पायाशी कुत्री असतात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण मुलांना अजूनही सांगतो. अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर पहिल्या वळणाला जी कुत्री आपणहून सोबतीला येतात, माथ्यापर्यंत पुढे-मागे चालतात आणि खाली उतरताच आपल्या वाटेने जातात, त्यांच्यासारखे नाते फिनिक्समध्ये कोणाचे कोणत्याही कुत्र्याशी नाही. येथे अनोळखी कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवण्यापूर्वी मालकाला विचारावे लागते, आणि ते योग्यच आहे. तरीही काहीतरी हरवले आहे, असे वाटते.

परंतु माझी धाकटी बहीण सांगलीत, विश्रामबागला राहते. मुलाला संध्याकाळच्या शिकवणीहून आणताना ती हातात काठी ठेवते. तिच्यापुढे मी माहुलीच्या समाधीची गोष्ट सांगू शकत नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. कुत्रा चावताच जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच लस घेतली, जखम खोल असेल तर प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही घेतले, तर हा मृत्यू टाळता येतो. तरी लहान मूल घरी चावा लपवते आणि ते कळेपर्यंत उशीर होतो. ज्या आईला ही भीती आहे तिला ‘कुत्र्यांचा द्वेष करणारी’ म्हणणे हा अन्याय आहे. गटात तो शब्द वापरला गेला तेव्हा मला फार वाईट वाटले.

म्हणूनच फिनिक्समधून काय उचलावे आणि काय येथेच सोडावे, याबाबत माझे मत पक्के झाले आहे. इंजेक्शन येथेच राहावे. आपला कायदाही भटक्या कुत्र्यांना सरसकट मारू देत नाही आणि २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी नसबंदी व लसीकरणाचीच वाट घालून दिली आहे. उचलावे ते मालकाचे उत्तरदायित्व. रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयी आपण तावातावाने बोलतो, पण बंगल्यातल्या पाळीव कुत्र्याला लस दिली आहे का, परवाना आहे का, हौसेने आणलेले महागडे पिल्लू मोठे झाल्यावर गावाबाहेर सोडून दिले का, हे कोणी विचारत नाही. पाळीव कुत्रा दोरीविना गडावर मोकळा सोडणारेही पुष्कळ आहेत आणि ‘आमचा काही करत नाही’ हे त्यांचे ठरलेले उत्तर असते. फिनिक्सच्या वाटेवर हे उत्तर चालत नाही. उन्हाचा नियमही उचलण्याजोगा आहे, कारण साताऱ्यात एप्रिल-मेच्या दुपारी पारा त्याच ३८ अंशांपलीकडे जातो आणि कास रस्त्यावरचे डांबर तेव्हा कुत्र्याच्या पावलांना भाजून काढते. त्यासाठी फार पैसे लागत नाहीत. गडाच्या पायथ्याशी एक फलक आणि तो वाचणारी माणसे लागतात.

‘अमेरिकेजवळ पैसा आहे, आपल्याजवळ कोठे आहे?’ हा आक्षेप मला ठाऊक आहे. म्हणून मी शेवटी अमेरिकेचा नव्हे, गोव्याचा दाखला देते. तेथे सरकार आणि स्वयंसेवी संस्था यांनी मिळून गल्लोगल्ली फिरून, जाळीने पकडून, वर्षानुवर्षे कुत्र्यांना लस दिली. एखाद्या भागातल्या सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, या हिशेबाने ते काम चालले, आणि २०१८ नंतर काही वर्षे गोव्यात एकाही माणसाचा रेबीजने मृत्यू झाला नाही. कुत्री रस्त्यावरच होती, फक्त त्यांच्यापासूनचा मृत्यू गेला. सांगलीहून गोवा किती दूर आहे? आंबोली उतरले की आलेच.

लसीकरणात सर्वांत अवघड काम कुत्रा पकडण्याचे असते. गाडी दिसताच तो पळतो, जाळी पाहून तर पुन्हा त्या गल्लीत फिरकत नाही, आणि ७० टक्क्यांचा आकडा तेथेच अडतो. पण पहाटे पोळी घेऊन येणाऱ्या बाईंच्या हाकेला तोच कुत्रा धावत येतो. अजिंक्यताऱ्याच्या पहिल्या वळणावर रोज जी हाक दिली जाते, ती लसीकरणाच्या दिवशी पशुवैद्यकाला शेजारी उभे करून दिली जावी, त्या बाईंनी कुत्र्याला धरावे, आणि त्याच्या गळ्यात त्या वर्षाच्या लसीचा रंगीत पट्टा बांधावा, एवढीच माझी आमच्या गटातल्या पोळ्या नेणाऱ्या मैत्रिणींना विनंती आहे. पट्टा दिसला, तर गड सोडलेल्या काही जणी पुन्हा चढायला येतील, असे त्यांनीच मला लिहिले आहे.