‘निव्वळ आळस’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

जुनी वैज्ञानिक आणि वैद्यकीय उपकरणं कशी सांभाळावीत, या माझ्या लेखावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की जुनं पितळ न घासणं हा निव्वळ आळस आहे आणि त्याला मी ‘जतन’ असं गोंडस नाव दिलं आहे. रक्त काढायची हत्यारं घरात मांडणं ओंगळ आहे. या वस्तू संग्रहालयात हव्यात, कुणाच्या कपाटात नव्हे. तुमच्याकडे आजोबांचा थिओडोलाइट, म्हणजे जमीन मोजताना कोन मोजायचं उपकरण, आहे, तो तुम्ही दर वर्षी घासता आणि तो आरशासारखा चमकतो. आणि सगळ्यात शेवटी: ‘बाईंनी आधी एखादं उपकरण हातात धरून बघावं, मग लोकांना शिकवावं.’

मतभेदाचं मला वावडं नाही. पण हे शेवटचं वाक्य मतभेदाचं नाही, हिणवण्याचं आहे. ते लिहिण्याआधी मी कोण, काय काम केलं, हे विचारायची तसदी तुम्ही घेतली नाहीत. म्हणून न विचारता सांगते. माझे वडील सूक्ष्मदर्शक आणि मोजणीची उपकरणं दुरुस्त करायचे. शाळेतून आले की त्यांच्या शेजारी बसून स्क्रू आकाराप्रमाणे वेगळे करणं, भिंगं पुसणं ही माझी कामं. पुढे पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत लागले आणि निवृत्त होईपर्यंत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावूनच नोकरी केली. उपकरण हातात धरून बघायचं माझं राहून गेलेलं नाही.

आता तुमच्या ‘आळसा’कडे येते, कारण तेच वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं.

एकोणिसाव्या शतकातला पितळी सूक्ष्मदर्शक तुम्ही बघता तेव्हा तुमच्या नजरेला पडतं ते बरेचदा उघडं पितळ नसतंच. त्यावर लॅकरचा पातळ थर असतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, सोनेरी झाक यावी म्हणून त्यात हळद किंवा रंगीत राळ घालायची, पितळ गरम करायचं आणि मऊ ब्रशने एका हातात हा थर चढवायचा. ब्रश तिथेच पुन्हा फिरला तर पट्टे उमटतात. हे काम कारखान्यात कसबी कारागीर करत. पॉलिशचं फडकं हा थर घेऊन जातं. एकदा गेला की पितळ हवेला उघडं पडतं, काळवंडतं, मग पुन्हा घासावं लागतं. तुम्हाला दर वर्षी घासावं लागतं ते याचमुळे. ज्याला तुम्ही निगा म्हणता, ती तुम्ही स्वतःच लावून घेतलेली गरज आहे.

पॉलिशमध्ये बारीक घासणारी पूड असते आणि पुष्कळदा अमोनियाही. पूड कोरीव अक्षरांच्या कडा खाते. उत्पादकाचं नाव आणि गाव तिरप्या, वळणदार अक्षरांत कोरलेलं असतं. त्यातल्या जाड रेघा टिकतात, पण दोन अक्षरांना जोडणारी केसासारखी रेघ आधी जाते. अमोनिया सांध्यांत आणि स्क्रूच्या आट्यांत मुरतो. नळी ओढून तयार करताना पितळेत ताण राहिलेला असतो, आणि अशा पितळेला अमोनियाने चिरा जातात. धातूचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

वडिलांकडे एकदा एका शैक्षणिक संस्थेतून सूक्ष्मदर्शक दुरुस्तीला आला होता. पाठवण्याआधी कुणीतरी तो बफिंगच्या चाकावर धरला होता. चांगल्या मनानेच धरला असेल. बुडावरच्या नावाची दोन-तीन अक्षरं तेवढी वाचता येत होती. वडिलांनी फोकसचा स्क्रू सैल करून दिला, भिंगं साफ केली, पण ते यंत्र कुणी आणि कधी बनवलं हे सांगायला आता काहीच उरलं नव्हतं. तो दिवसभर ते कुणाशी बोलले नाहीत. त्या माणसाच्या मुलीला तुम्ही आळशी म्हणता.

माझ्याजवळच्या एका सूक्ष्मदर्शकाच्या नळीवर एका बाजूला अंगठ्याएवढी जागा आहे, तिथला लॅकर पूर्ण झिजलाय. विरुद्ध बाजूला दोन बोटांची तशीच फिकी खूण. कुणीतरी वर्षानुवर्षं तिथेच धरून नळी वर-खाली केली. फोकसच्या चाकाची धार एकाच बाजूने गुळगुळीत झाली आहे. हे सगळं मी तासाभरात आरशासारखं करू शकते. नाही करणार.

शिवाय जुन्यासारखं दिसणारं नवं पितळ बाजारात भरपूर फिरतं. सेक्स्टंट, दुर्बिणी, होकायंत्रं, वर नामांकित जुन्या उत्पादकांची नावं आणि सालं कोरलेली. ओळखायला मूळ लॅकर आणि प्रत्येक ठिकाणची वेगवेगळी झीज फार उपयोगी पडते. घासून सारखं केलेलं अस्सल उपकरण यातला बराच पुरावा गमावून बसतं.

एक गोष्ट मान्य करते. सांध्यांत साचणारा हिरवा गंज तसाच ठेवू नये, तो पसरतो, हे तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. पण तो लाकडी काडीने, भिंगाखाली, तेवढ्याच जागेवरून काढायचा असतो. त्यासाठी अख्खं उपकरण पॉलिशने घासणं हा उपाय नव्हे.

राहिलेल्या मुद्द्यांवर फार लिहावंसं वाटत नाही. ओंगळपणाचं म्हणाल, तर रक्त काढायची ती पितळी डबी, आत स्प्रिंगवर बसवलेली पाती, किती खोल जावीत हे ठरवणारा वरचा स्क्रू, हे त्या काळच्या डॉक्टरांचं नेहमीचं साधन होतं. शस्त्रक्रियेच्या जुन्या पेट्यांतल्या सुऱ्यांना एबनी लाकडाच्या, नक्षीदार खाचांच्या मुठी असत. जंतूंचं कारण पटलं, हत्यारं उकळून किंवा वाफेने निर्जंतुक करायची पद्धत आली, तशा त्या मुठी गेल्या आणि अख्खी धातूची हत्यारं आली. ही एवढी मोठी घटना दोन मुठी शेजारी ठेवल्या की दिसते. ज्यांना बघवत नाही त्यांनी बघू नये.

आणि संग्रहालयं आकाशातून पडत नाहीत. केंब्रिजचं व्हिपल संग्रहालय रॉबर्ट व्हिपल यांनी १९४४ साली विद्यापीठाला दिलेल्या खासगी संग्रहातून उभं राहिलं. ऑक्सफर्डच्या विज्ञान-इतिहास संग्रहालयाच्या मुळाशी लुईस एव्हान्स यांचा संग्रह आहे. हेन्री वेलकम यांनी जमवलेल्या वैद्यकीय वस्तू आज लंडनच्या सायन्स म्युझियमकडे आहेत. सगळं आधी कुणाच्या तरी कपाटातच होतं. हा वाद इथेच थांबवू.

तुमच्या थिओडोलाइटबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण मला त्याची काळजी वाटते. मोजणीच्या उपकरणांचं पितळ बनवणारे मुद्दाम काळपट करत. उन्हात ते चमकून डोळ्यांवर तिरीप येऊ नये, हे त्यामागचं कारण. तुमच्या आजोबांच्या थिओडोलाइटवर तसा रंग होता का, ते घरातल्या कुणा वडीलधाऱ्यांना विचारा. असेल, तर तुम्ही मळ समजून जे काढलंत ते कारखान्यातून आलेलं काम होतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोन मोजायच्या रेघा असलेलं त्याचं वर्तुळ. ५ इंची वर्तुळावर अर्ध्या अंशाच्या दोन रेघांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरहून जेमतेम जास्त असतं. जेसी रॅम्सडेन यांनी १७७० च्या दशकात अशा रेघा पाडायचं यंत्र बनवलं, त्याआधी चांगले कारागीर त्या हाताने पाडत. त्या बहुधा चांदीच्या पट्टीवर किंवा चांदीचा हात दिलेल्या पितळेवर असतात आणि खाचेत काळं मेण भरलेलं असतं. चांदीचा तो हात इतका पातळ असतो की थोड्याशा पॉलिशनेही जातो, आणि मेण फडक्याला लागून निघतं.

भिंग घ्या आणि व्हर्नियरपाशी, म्हणजे वर्तुळालगत सरकणाऱ्या छोट्या मोजपट्टीपाशी, बघा. व्हर्नियरची शून्याची रेघ वर्तुळावरच्या एका रेघेशी तंतोतंत जुळवा. मग व्हर्नियरच्या दुसऱ्या टोकाची रेघही वर्तुळाच्या एखाद्या रेघेशी तशीच जुळायला हवी. रेघा काळ्या आणि रेखीव दिसल्या, दोन्ही टोकं जुळली, तर वर्तुळ अजून शाबूत आहे. तिथे पॉलिश लावू नका, बोटही लावू नका. मऊ ब्रशने धूळ झटका आणि पेटीत ठेवा. पेटीच्या झाकणाला आतून उत्पादकाचा कागद चिकटवलेला असेल तर तोही खरवडू नका. त्यावरच्या पत्त्यावरून साल ठरवता येतं. तो वाचता येत असेल तर मला लिहून पाठवा, मी शोधून देईन.