पैशाने प्रेरणा मिळत नाही, हे नक्की कोण म्हणालं?

पगारवाढीचे दिवस आले की एक पोस्ट हमखास फिरायला लागते. म्हणणं असं, की पैशाने कर्मचाऱ्यांना प्रेरणा मिळत नाही हे मास्लो, हर्झबर्ग आणि डेसी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. तेव्हा पगाराचं सोडा, कौतुक करा. तिन्ही नावं खरी आहेत. त्यांच्या तोंडी घातलेलं बरंचसं खरं नाही.

आधी मास्लो. माणसाच्या गरजा पोटापासून वर, पायरीपायरीने जाग्या होतात असं दाखवणारा पिरॅमिड त्याच्या नावावर चालतो. ‘पिरॅमिडनुसार पोट भरलं की पैशाचं काम संपलं.’ १९४३च्या त्याच्या मूळ लेखात पिरॅमिड नाहीच, तो नंतरच्या व्यवस्थापनवाल्यांची देणगी. एक गरज पूर्ण भागल्याशिवाय दुसरी जागी होत नाही हा गैरसमज आहे, असंही त्याने तिथेच लिहून ठेवलंय.

‘हर्झबर्ग म्हणतो, पगार प्रेरक नाही.’ बरोबर, म्हणतो. पण पुढचं वाक्य पोस्टमध्ये गाळलंय. १९५९च्या त्याच्या पुस्तकाला आधार होता पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंते आणि लेखापालांच्या मुलाखतींचा. कामात फार बरं कधी वाटलं, फार वाईट कधी, एवढंच विचारलं होतं. पगार त्याने असमाधानाच्या खात्यात टाकला, म्हणजे तो अपुरा असेल तर माणूस धुमसत राहतो. यातून ‘आधी पगार नीट द्या’ असं निघतं. पोस्टवाल्यांनी ‘पगार राहू द्या’ काढलं! शिवाय ही पद्धतच कच्ची. चांगलं झालं ते माझ्यामुळे आणि वाईट झालं ते साहेबामुळे, असं माणूस सांगतोच. व्हरूम या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये हाच आक्षेप घेतला होता.

‘डेसीने दाखवलं की पैसे दिले की आवड मरते.’ १९७१च्या त्या प्रयोगात विद्यार्थी ठोकळ्यांची कोडी सोडवत होते. पैसे देऊन मग थांबवले, तेव्हा मोकळ्या वेळात ते कोड्यांकडे कमी वळले. मोजली होती ती आवड. नोकरीतलं काम नव्हे. डेसी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोग एकत्र तपासले. आवड घटते ती मुळात रंजक कामात, आणि बक्षीस आधीच कबूल केलेलं असेल तर. कंटाळवाण्या कामात मरायला आवड असते कुठे? कौतुकाने आवड वाढते, हे मात्र त्यात सापडलं, तेवढे गुण पोस्टला. पण ‘असंच करत राहायला हवं हं’ छापाचं, लगाम खेचणारं कौतुक उलटतं, हेही त्यातच आहे.

आता पोस्टमध्ये नसलेला पुरावा. गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या सेफलाइट या अमेरिकी कंपनीने नव्वदच्या दशकात तासाचा पगार बदलून नगावर मजुरी सुरू केली. लेझियर या अर्थतज्ज्ञाने २०००मध्ये मांडलेल्या हिशोबाप्रमाणे दर कामगारामागचं काम ४४ टक्क्यांनी वाढलं. त्यातला साधारण निम्मा वाटा त्याच माणसांनी जास्त काम केल्याचा. बाकीचा मुख्यतः चपळ माणसं येत आणि टिकत गेल्याचा. अर्थात काचा मोजता येतात, आणि चुकीची बसली तर कळतं. ज्या कामाची अशी मोजदाद होत नाही तिथे नगावर पैसे देणं अंगाशी येऊ शकतं. त्यावर वाद घालायला मी तयार आहे, पण पोस्टचा दावा तो नाहीच.