घर चकाचक, छाती घरघर

दिवाळी तोंडावर आली, तेव्हा साफसफाईचं जरा मनावर घ्या. घर स्वच्छ झालं की नाही, हे डोळ्यांनी ठरवण्याचे दिवस गेले. शेजारच्या वहिनींना जिन्यातच ठसका लागला, तरच तुमची लादी पुसली गेली असं समजायचं.

सुरुवात बाथरूमपासून. खिडकीच्या काचपट्ट्या घट्ट मिटा, एक्झॉस्ट बंद ठेवा. पैसे मोजून आणलेला वास फुकट बाहेर का सोडायचा? मग पिवळ्या डागांवर ॲसिड ओता. डाग हटला नाही तर वर मूठभर ब्लीचिंग पावडर टाका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन निघतो. हाच वायू १९१५ साली, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्याने नळकांड्यांतून सोडला होता. तुम्हाला तो वाणसामानाच्या बिलात मिळतोय. शिवाय हवेपेक्षा जड, त्यामुळे खालीच रेंगाळतो, म्हणजे उकिडवं बसून घासणाऱ्याच्या बरोबर नाकाशी. कसली सोय आहे बघा!

काचा ओल्या फडक्याने पुसू नका, स्प्रे मारा. फडक्यावर ओतलेलं बरंचसं फडक्यातच राहतं. फवाऱ्याचे बारीक थेंब कसे थेट छातीत उतरतात. आठवड्यातून एकदा तरी घरात असे स्प्रे वापरणाऱ्यांत दम्याची लक्षणं जास्त दिसतात, असं दहा युरोपीय देशांतल्या पाहणीतून २००७ साली पुढे आलं. पण ती युरोपातली माणसं. आपल्याकडे धुळीची सवय आहे.

नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा हजारांवर लोकांची वीस वर्षांची माहिती तपासली. सफाई करणाऱ्या बायकांच्या फुप्फुसांची ताकद इतर बायकांपेक्षा लवकर घटत गेली. पुरुषांत तसं आढळलं नाही. यावरून पुरुषांची फुप्फुसं दणकट असतात, असं खुशाल म्हणा. त्यांच्यातल्या कितीजणांनी फरशी पुसली होती, हे विचारू नका.

धाकट्याची छाती वाजायला लागली तर पंप आहेच. कामाच्या मावशी खोकल्या तर "तंबाखू सोडा" म्हणून सांगा, खात नसल्या तरी. त्यांना अशीच आणखी चार घरं असतात, तेव्हा दोष नेमका तुमच्याच बाटलीचा कशावरून? "ताई, साबणाच्या पाण्यानंही निघतं की," असं त्या म्हणतील, कानाआड करा. खिडकी उघडू लागल्या तर मात्र हात धरा. डास येतात. आणि आलेच, तर त्यांच्यासाठी वेगळा स्प्रे आहे.