बुडबुड्याचं केंद्रक

लहान कॉलेजात जीवशास्त्र विभाग म्हणजे एक माणूस. तोच वनस्पती शिकवतो, तोच प्राणी शिकवतो, प्रॅक्टिकलआधी स्लाइडी धुतो आणि नंतर फुटलेल्यांची नोंद ठेवतो. तो माणूस मी. कामाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे कांद्याच्या पापुद्र्याबद्दल.

पहिल्या प्रॅक्टिकलला कांदाच असतो. त्यात चुकण्यासारखं काही नाही, असा समज आहे. पापुद्रा सोलायचा, पाण्याच्या थेंबात पसरायचा, आयोडीन घालायचं, कव्हर स्लिप तिरकी धरून अलगद सोडायची. 'अलगद' मी फळ्यावर लिहून अधोरेखित करतो. मग कव्हर स्लिपा पत्ते आपटावेत तशा पडतात आणि खाली हवा अडकते.

"सर, केंद्रक दिसलं!"

मी डोळा लावतो. छान गोल, काळीभोर जाड कड, मधे लख्ख उजेड. हवेचा बुडबुडा. शेजारच्या मायक्रोस्कोपमध्ये त्याचा थोरला भाऊ. पलीकडे एक काळी रेघ फडफडतेय म्हणून पेशी जिवंत असल्याचा जल्लोष चाललाय. ती रेघ म्हणजे बघणाऱ्याचीच पापणी. तेवढ्यात मागून 'कट्' असा आवाज येतो. ४५च्या, म्हणजे स्लाइडला जवळजवळ टेकणाऱ्या भिंगावर मोठा स्क्रू फिरवायचा नसतो, हे माझ्याआधी काचेने सांगितलेलं असतं.

जर्नलमध्ये मात्र यातलं काही उतरत नाही. तिथे पुस्तकातली पेशी विराजमान! पापुद्र्यात हरितलवकं नसतात, म्हणून तर तो पांढरा. जर्नलमध्ये ती हिरव्या स्केचपेनने ठासून भरलेली. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या घड्या बघायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. आमच्या वर्गाला त्या साध्या मायक्रोस्कोपचा आरसा खिडकीकडे वळवून दिसतात. सगळ्यांना सारख्याच, आणि खाली 'पेशीभीत्तिका' हे अशुद्धही सारखंच. डीएनएची नक्कल होताना निदान चुका तपासणारी यंत्रणा असते.

१६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला. मेलेल्या पेशींची रिकामी खोकी दिसली, त्याने रिकामी खोकीच काढली. माझ्या वर्गात असता तर कुणीतरी दया येऊन त्याला आपलं जर्नल उतरवायला दिलं असतं.

यंदा मी दम भरला, "दिसेल तेच काढायचं!" एका मुलीने खरंच काढलं. मोठं वर्तुळ, जाड कड, शेडिंग नाही, रेघ ओढून नाव दिलेलं: 'हवेचा बुडबुडा'. विवर्धन ४५०. आकृती अचूक होती. गुणांच्या तक्त्यात केंद्रकाला रकाना आहे, पेशीभित्तिकेला आहे, बुडबुड्याला नाही. तरी मी पैकीच्या पैकी दिले, वर सगळ्या वर्गासमोर तोंडभरून कौतुकही केलं.

पुढच्या आठवड्यात जर्नलं तपासायला आली. ज्यांच्या स्लाइडवर केंद्रकासकट पेशींची रांग लागली होती त्यांच्यासकट, प्रत्येकाच्या पानावर तोच बुडबुडा. त्याच मापाचा.