एक्झॉस्टवरची हवा केबिनमध्ये घेऊ नका: त्या फॉरवर्डला उत्तर

'जुन्या गाडीचं चार्जिंग आणि हीटर घरच्या घरी सुधारा' हा मेसेज सगळीकडे फिरतोय. मी दोनदा वाचून सोडून दिला, पण काल मामांनी तो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "रविवारी करतो." मामांची गाडी कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल-हवा मिसळणारा जुना भाग), डायनॅमोवाली (बॅटरी चार्ज करणारा जुना जनरेटर), म्हणजे मेसेजमधलं सगळं तिच्यावर होणार. म्हणून लिहितोय.

सगळ्यात भयंकर मुद्दा आधी. "एक्झॉस्ट मॅनिफोल्डभोवती पत्र्याचा डबा बसवा, तिथली गरम हवा पाइपने आत घ्या, बीटलमध्ये असंच असायचं." मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून बाहेर नेणारी नळी. अहो, फोक्सवॅगनच्या त्या जुन्या बीटलमध्ये कारखान्यातून आलेले बंद हीट एक्स्चेंजर असायचे, पंख्याची हवा एक्झॉस्टच्या नळीला बाहेरून वळसा घालून आत यायची, आणि तेसुद्धा गंजून भोकं पडली की धूर सरळ केबिनमध्ये. इथे तर जुन्या मॅनिफोल्डवर घरी वाकवलेला पत्रा लावायला सांगतायत! त्या मॅनिफोल्डला बारीक चीर असेल, गॅस्केट (सांध्यातलं सील) फुंकत असेल, वरून कळतही नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) धुरात साधारण ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणजे ३०,००० पीपीएम (दहा लाखांत ३०,००० भाग). अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेने जिवाला तात्काळ धोका म्हणून धरलेली पातळी आहे १,२०० पीपीएम. भागाकार करा, केबिनमधल्या हवेच्या २५ भागांत एक भाग धूर आला की तिथे पोचलात. या वायूला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि थंडीत काचा लावून चालवणाऱ्याला वाटतं आपण दमलोय. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो, त्यामुळे काच खाली केली की लगेच उतरेल असंही नाही. मामा, हे करायचं नाही म्हणजे नाही.

"थर्मोस्टॅट काढा, पाणी जोरात फिरेल, हीटर जास्त तापेल." फिरतं जोरात, पण तापतच नाही ना! हीटरला इंजिनचंच गरम पाणी मिळतं, आणि थर्मोस्टॅट ही त्या पाण्याच्या वाटेतली झडप ८२ किंवा ८८ डिग्रीला उघडते ती इंजिन आधी तापावं म्हणून. काढलात की थंडीत हीटर कोमट, पेट्रोल जास्त, शिवाय ऑइलमध्ये ओल साठते.

"चालू इंजिनात बॅटरीची वायर काढा, बंद पडलं नाही तर चार्जिंग ओके." डायनॅमोच्या काळात हे करायचे, मान्य. पण अल्टरनेटरवर (डायनॅमोच्या जागी आलेला नवा जनरेटर) बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळतं आणि त्यातले डायोड, रेग्युलेटर जातात. मल्टिमीटर लावा: इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट. संपलं.

डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवा, हे मात्र बरोबर सांगितलंय, नाइलाजाने कबूल करतो. लुकास कंपनीचा सी ४० डायनॅमो साधारण २२ अँप देतो, आयडलिंगला जवळजवळ काहीच नाही, आणि रात्री पावसात हेडलाइट, वायपर, ब्लोअर, इग्निशन मिळून तेवढं सहज लागतं. पण "मिळेल तो मोठा बसवा, वायर त्याच चालतात" हे साफ चूक. गाडी पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं) असेल आणि तशीच जोडलीत तर डायोड क्षणात जळतात, आणि डॅशबोर्डवरच्या ३० अँपच्या जुन्या अँमीटरमधून (करंट दाखवणारा काटा) ६० अँप न्यायला गेलात तर डॅशबोर्डमागे आग लागेल.

एलईडी लावून लोड कमी होतो, ठीक आहे. फक्त चार्जिंगचा लाल दिवा एलईडी करू नका, बऱ्याच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो.

मामांना फोन करून इंजिन तापल्यावर हीटरचे दोन्ही होज (रबरी पाइप) हाताने बघायला लावले. एक चांगला गरम, दुसरा गार. म्हणजे पाणी हीटरमधून जातच नाहीये, व्हॉल्व्ह उघडत नसेल नाहीतर कोर (हीटरमधला छोटा रेडिएटर) चोंदलाय. रविवारी आधी केबल आणि व्हॉल्व्ह बघतोय, मग कोर दोन्ही बाजूंनी फ्लश करू.