रिस्क 'टेक' की 'रन'?

कालपासून मी कागदोपत्री भित्रा आहे. म्युच्युअल फंडात महिना 2000 रुपयांची एसआयपी सुरू करायला गेलो, तर बँकेने आधी प्रश्नपत्रिका सोडवायला लावली. बेरीज झाली आणि टेबलापलीकडची मुलगी म्हणाली, "सर, तुमची रिस्क अ‍ॅपेटाइट कमी आलीय." सूर तोच, 'साखर वाढलीय' सांगतानाचा. प्रश्न दुसरा वयाचा होता. अर्धे गुण तिथेच गेले असणार. बाजार 20 टक्के पडला तर काय कराल, या प्रश्नावर मी 'वाट पाहीन' अशी टिक केली होती. ती म्हणे भीती. आमच्याकडे तिला सबुरी म्हणतात.

शेजारच्या खुर्चीवर एक काका बसले होते. मांडीवर पासबुक, समोर बंद पडलेलं छपाईचं मशीन. इंग्रजीचे निवृत्त मास्तर, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. माझा फॉर्म त्यांनी माझ्याआधी वाचून काढला होता.

"चूक तुमची नाही, फॉर्मची आहे," काका म्हणाले. "सगळीकडे आपलं रिस्क, रिस्क. अहो, रिस्क 'टेक' करायची का 'रन' करायची?"

"फरक आहे?"

"म्हणजे काय! धंद्यात समजून-उमजून पैसे घातलेत, तर रिस्क 'टेक' केलीत. हेल्मेट न घालता निघालात, तर रिस्क 'रन' केलीत. हिशेब केलाच नाही, नुसती ओढवून घेतली. आणि चान्स वेगळा."

"तो कसा?"

"चान्स घेणाऱ्याचा डोळा मिळण्यावर, रिस्कवाल्याचा गमावण्यावर. रिझर्व्हेशन नसताना जनरलचं तिकीट काढून जागा मिळेल म्हणून गाडीत शिरणं हा चान्स. तिकीटच न काढता शिरणं ही रिस्क."

"आणि टीसीच्याच शेजारी जाऊन बसणं?"

"ते डेअरिंग. तो शब्द आता मराठी आहे, त्यात मी पडत नाही."

मग व्याकरण निघालं. मुलीने नुसती मान डोलावली, कारण तिला जेवायला जायचं होतं. 'रिस्क'पुढे क्रियापद आलं तर ते 'इंग' लावून: 'रिस्क लूझिंग'. 'रिस्क टू लूझ' लिहिलं की काका गुण कापत. 'व्हेंचर'ला मात्र 'टू' चालतं: 'आय व्हेंचर टू से', म्हणजे बोलू नये, पण बोलतो. अंदाज सांगायचा तर 'हॅझर्ड अ गेस', कारण 'हॅझर्ड' हा मुळात फाशांचा खेळ.

या हॅझर्डवर काका खरे रंगले. ओला जिना म्हणजे हॅझर्ड. त्यावरून घसरण्याची शक्यता किती आणि घसरलात तर काय काय मोडेल, या दोन्हींचा मिळून हिशेब म्हणजे रिस्क. जिन्याच्या दाराला कुलूप घाला: हॅझर्ड जागच्या जागी, रिस्क जवळजवळ संपली. कारखान्यातले सेफ्टीवाले हा फरक रोज पाळतात. आणि आपण? डॅशबोर्डवरचं लाल त्रिकोणाचं बटण चौकात 'सरळ जातोय' हे सांगायला दाबतो. आडव्या रस्त्यावरच्याला आपल्या एकाच बाजूचा दिवा दिसतो, त्याला वाटतं हा वळतोय. पुढे खरंच वळायचं झालं तर इंडिकेटर लावूनही उपयोग नाही, चारही दिवे आधीच लुकलुकताहेत. ते बटण बंद पडलेल्या, वाटेत उभ्या गाडीसाठी आहे. म्हणजे आपण हॅझर्ड आहोत असं जाहीर करून रिस्क रन करायची.

'जेपर्डी' त्यांनी उभ्याउभ्याच उरकला: जुन्या फ्रेंचमधला 'बरोबरीत अडकलेला डाव'. ती 'टेक' करता येत नाही, तिच्यात पडावं लागतं. आपल्या घटनेच्या अनुच्छेद 20(2) ला वकील 'डबल जेपर्डी'चं कलम म्हणतात, ते यातलंच. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला आणि शिक्षा नाही. हा फॉर्म पुन्हा भरावा लागेल का, हे मी तेवढ्यात विचारून घेतलं. लागेल, म्हणाली. केवायसीसारखं.

आता खरी चिडचिड सांगतो. सेबी या बाजार नियामकाच्या रिस्कोमीटरवर, म्हणजे फंडाची रिस्क दाखवणाऱ्या तबकडीवर, 1 जानेवारी 2021 पासून 'लो' ते 'व्हेरी हाय' असे 6 कप्पे आहेत. फंडाला सहा कप्पे, मला एक शिक्का. मराठी फॉर्म मागितला, तर त्यात पानभर नुसती 'जोखीम'. जोखीम पत्करणं, धोका ओढवून घेणं, पणाला लावणं, नशीब अजमावून पाहणं, विषाची परीक्षा घेणं, हे सगळं आपल्याकडे असताना भाषांतर करणाऱ्याने एकाच शब्दावर दुकान चालवलं. आणि 'बाजारातल्या जोखमींच्या अधीन' हे वाक्य जाहिरातीत ज्या वेगाने म्हणतात, तो वेग हीच मला मोठी रिस्क वाटते. हळू म्हणायला काय पैसे पडतात?

मी सही केली. मशीन खरखरलं आणि काकांच्या पासबुकात जुन्या नोंदींवरच नव्या छापून मोकळं झालं. काकांनी ते उजेडाकडे धरून पाहिलं.

"तुमचे पैसे कुठल्या फंडात?" मी विचारलं.

"छे! सगळं एफडीत. इथे पावणेपाच लाख."

"पावणेपाचच का?"

"बँक बुडाली तर विमा पाच लाखांपर्यंतच, तोही व्याज धरून."

"आणि बाकीचे?"

"दुसऱ्या बँकेत. पावणेपाच."

मुलीने त्यांना मात्र फॉर्म दिला नाही.